बरोबर कोणी म्हणायचे?

खानदेशात चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीमुळे ते भाविकांना ठाऊक आहे आणि एका शिलालेखामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला हा लेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने येथे एक मठ स्थापन केला. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि कुळातील इतरांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत, हा हेतू लेखात नोंदलेला आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे. शेवटी मात्र भाषा बदलून मराठी येते आणि पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिल्याचे त्यात सांगितले जाते. बाजारातल्या करावर गणिताचा अभ्यासक्रम चालवण्याची ही सोय आठशे वर्षांपूर्वीची आहे.

भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. तिची मांडणी ठरलेली आहे. आधी सूत्र, म्हणजे रीत. मग उदाहरण, म्हणजे त्या रीतीने सोडवायचा प्रश्न. त्यानंतर आकड्यांचा न्यास आणि उत्तर. रीत बरोबर का, याचे उत्तर मूळ श्लोकांत बहुधा नाही. ते गुरूने समजावून सांगायचे किंवा टीकाकाराने लिहायचे. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी जवळजवळ चार शतकांनी, १५४५ च्या सुमारास, ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि ‘लीलावती’तल्या रीतींच्या उपपत्ती दिल्या. उपपत्ती म्हणजे रीत का चालते याचे कारण.

रीत, प्रश्न आणि उपपत्ती या तीन गोष्टी ध्यानात ठेवून एका अगदी आधुनिक अभ्यासक्रमाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. गेल्या दोन-तीन दशकांत जगातल्या अनेक विद्यापीठांत ‘कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंग’, म्हणजे स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंग, हा रीतसर विषय झाला आहे. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात तर ‘दडपणाखाली प्रश्नसोडवणूक आणि प्रोग्रॅमिंग’ अशा अर्थाच्या नावाचाच अभ्यासक्रम आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात स्टीव्हन हालिम हा विषय शिकवतात. त्यांनी आणि त्यांचे बंधू फेलिक्स यांनी २०१० मध्ये काढलेले पुस्तक जगभरच्या स्पर्धकांच्या हाती असते. हेलसिंकीत आंटी लाक्सोनेन यांनी याच विषयाची पुस्तिका लिहून सर्वांना विनामूल्य दिली. या वर्गांत रीत आहे आणि प्रश्न तर शेकड्यांनी आहेत. उपपत्तीचे काय झाले, हे शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

पाच तास, तीन विद्यार्थी, एक संगणक

या स्पर्धेचा उगम अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात १९७० साली झाला. संगणकशास्त्रातल्या ‘अप्सिलॉन पाय एप्सिलॉन’ या गुणवंत विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या तिथल्या शाखेने विद्यापीठांच्या संघांमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची चढाओढ भरवली. १९७७ पासून एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या परिषदेला जोडून अंतिम फेरी होऊ लागली. हीच पुढे आयसीपीसी या नावाने जगभर पसरली.

नियम थोडे पण कडक आहेत. एका संघात तीन विद्यार्थी असतात आणि तिघांत मिळून एकच संगणक. वेळ पाच तासांचा. जो संघ अधिक प्रश्न सोडवेल तो वर. संख्या सारखी असेल, तर ज्याला एकूण वेळ कमी लागला तो पुढे. नंतर सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी चुकीचे दिले असेल, तर अशा प्रत्येक चुकीसाठी वीस मिनिटांचा दंड. प्रश्न सुटला की त्या प्रश्नाच्या रंगाचा फुगा संघाच्या टेबलाला बांधतात. त्यामुळे कोणाचे किती सुटले हे सभागृहात सर्वांना दिसते.

एकच संगणक देण्याचे सुरुवातीचे कारण काहीही असो, त्याचा परिणाम फार चांगला झाला. कळफलक एकाच्या हाती असताना उरलेल्या दोघांना कागदावर विचार करावा लागतो आणि एकाची रीत दुसऱ्याला पटवून द्यावी लागते. पटवून देणे ही उपपत्तीची पहिली पायरी आहे. स्पर्धेच्या घाईतही ती तिथे टिकून राहिली.

शाळकरी मुलांसाठी अशी स्पर्धा असावी, ही कल्पना बल्गेरियाचे गणितज्ञ ब्लागोवेस्त सेंदोव्ह यांनी १९८७ मध्ये युनेस्कोपुढे मांडली. १९८९ साली बल्गेरियातल्याच प्रावेत्स गावी पहिले आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड झाले. भारताचा संघ त्यात २००२ पासून उतरू लागला.

एका मिनिटाची गोष्ट

ज्यांचा संगणकाशी असा संबंध नाही, त्यांच्यासाठी या स्पर्धेतला प्रश्न कसा असतो हे एका उदाहरणाने सांगतो. एका दुकानदाराचा सात दिवसांचा नफा-तोटा हजार रुपयांत असा आहे: ३, उणे ५, ४, ६, उणे २, ७, उणे ९. सलग दिवसांचा असा कोणता तुकडा आहे, ज्याची बेरीज सर्वांत मोठी येईल?

नजरेनेही उत्तर दिसते. तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंतचा तुकडा: ४ + ६ – २ + ७ = १५. पण सातऐवजी एक लाख दिवसांची वही असेल तर? पहिला आणि शेवटचा दिवस निवडण्याच्या जोड्याच सुमारे ५०० कोटी होतात. प्रत्येक जोडीची बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायची म्हटले, तर संगणकही थकेल.

हा प्रश्न ब्राउन विद्यापीठातले उल्फ ग्रेनांदर यांना १९७७ मध्ये चित्रांमधील आकृतिबंध ओळखण्याच्या कामात भेटला. मूळ प्रश्न चौकटीतल्या आकड्यांचा होता. तो अवघड वाटल्याने त्यांनी एका ओळीपुरता सोपा करून घेतला. त्यांची पहिली रीत फार संथ होती, दुसरी तिच्याहून बरी. मायकेल शामोस यांनी हा प्रश्न ऐकला आणि एका रात्रीत पुष्कळच वेगवान रीत काढली. त्यांना आणि जॉन बेंटली यांना वाटले, याहून चांगले काही नसावे. काही दिवसांनी शामोस यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात ही हकिकत सांगितली. श्रोत्यांत जे केडेन हे संख्याशास्त्रज्ञ बसले होते. त्यांनी मिनिटाभरात अशी रीत सांगितली, की तीत वहीची पाने फक्त एकदा उलटावी लागतात. बेंटली यांनी १९८४ मध्ये आपल्या सदरात हे सारे लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे.

केडेन यांची रीत अशी: पहिल्या दिवसापासून बेरीज करत चला. बेरीज शून्याखाली गेली, की ती टाकून द्या आणि पुढल्या दिवसापासून नव्याने सुरुवात करा. वाटेत दिसलेली सर्वांत मोठी बेरीज लक्षात ठेवा. आपल्या दुकानदाराच्या बाबतीत ३, मग उणे २, म्हणून सोडून दिले. पुढे ४, १०, ८, १५, ६. सर्वांत मोठी १५.

ही रीत बरोबर का? मागची बेरीज उणे असेल, तर ती पुढे ओढत नेल्याने पुढच्या कोणत्याही तुकड्याचे भले होणार नाही, कमीच होईल. म्हणून ती टाकण्यात तोटा नाही. झाली उपपत्ती. दोन वाक्यांची आहे, पण ही दोन वाक्ये सुचली तरच रीत सुचते. आज हा प्रश्न स्पर्धेच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांतच येतो. विद्यार्थी ‘केडेन’ म्हणून सहा ओळी पाठ करतो आणि पुढे जातो. जाणत्या मंडळींना रात्र घालवूनही जे दिसले नव्हते, ते त्याला पाठांतराने मिळते. मात्र ती दोन वाक्ये त्याच्याजवळ असतीलच असे नाही.

यंत्र परीक्षक होते

स्पर्धा छोटी असताना उत्तरे तपासायला माणसे पुरत. संघ वाढले, तशी तपासणी यंत्राकडे गेली. रोजच्या सरावासाठीही असे यंत्र असावे, असे स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठात कोणाला तरी वाटले. सिरियाको गार्सिया दे सेलिस या विद्यार्थ्याने १९९५ मध्ये तशी व्यवस्था उभी केली आणि गणिताचे प्राध्यापक मिगेल रेविया यांनी ती जोपासली. एप्रिल १९९७ मध्ये ती सगळ्या जगाला खुली झाली. कुठल्याही देशातल्या विद्यार्थ्याने प्रश्न निवडावा, प्रोग्रॅम पाठवावा आणि निकाल घ्यावा. शुल्क नाही, प्रवेशपरीक्षा नाही. २००३ मध्ये रेविया आणि स्टीव्हन स्किएना यांनी या साठ्यातल्या निवडक प्रश्नांवर पाठ्यपुस्तक लिहिले. सराव वर्गात आला आणि त्याचा अभ्यासक्रम झाला तो या वाटेने.

यंत्राचा निकाल दोन-तीन शब्दांचा असतो. ‘मान्य’, ‘उत्तर चूक’, ‘वेळ संपली’. कुठे चुकले हे ते सहसा सांगत नाही. त्याच्याजवळ आधी तयार करून ठेवलेले आकड्यांचे संच असतात. त्या सगळ्यांवर प्रोग्रॅमचे उत्तर जुळले, तर ‘मान्य’. याचा फायदा उघड आहे. परीक्षक कोणाचे तोंड पाहत नाही, कॉलेज विचारत नाही, इंग्रजी कसे बोलता हे पाहत नाही. रशियातल्या साराटोव्हसारख्या, मॉस्कोपासून दूरच्या विद्यापीठाने २००६ मध्ये आयसीपीसीचे जगज्जेतेपद मिळवले. तिथलेच मिखाइल मिर्झायानोव्ह यांनी उभी केलेली ‘कोडफोर्सेस’ ही व्यवस्था २०१० पासून या क्षेत्रातला मोठा आखाडा झाली. मुंबईत ‘डायरेक्टी’ कंपनीने २००९ मध्ये ‘कोडशेफ’ सुरू केले. त्यातली एक स्पर्धा अनेक वर्षे दहा दिवस चालत असे. ज्याला पाच तासांत सुचत नाही, पण पाच दिवसांत सुचते, अशा विद्यार्थ्यालाही तिथे जागा होती.

तोटा मात्र आतला आहे. ‘मान्य’ याचा अर्थ इतकाच, की परीक्षकाजवळच्या आकड्यांवर चूक सापडली नाही. चूक नाही असा त्याचा अर्थ नाही. चाचणीने चूक असल्याचे दाखवता येते, नसल्याचे नाही, असा इशारा डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६९ सालीच दिला होता.

नऊ वर्षे लपलेली चूक

हा इशारा किती खरा होता, हे एका अत्यंत साध्या रीतीच्या इतिहासातून दिसते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, शब्द आधी येईल की नंतर हे ठरवतो आणि उरलेला अर्धा भाग सोडून देतो. हेच पुन्हा पुन्हा करायचे. दहा लाख नोंदींतून हवी ती वीसेक पायऱ्यांत सापडते. संगणकासाठी या रीतीचे पहिले वर्णन जॉन मॉकली यांनी १९४६ मध्ये केले. नोंदींची संख्या कितीही असली तरी चालेल असे तिचे रूप छापून यायला १९६० उजाडले. ते डी. एच. लेमर यांचे. मधल्या चौदा वर्षांचा हिशेब डोनाल्ड नूथ यांनी आपल्या ग्रंथात मांडला आहे.

बेंटली अनुभवी प्रोग्रॅमरांच्या वर्गात हीच रीत लिहायला देत. दोन तास हाताशी असत. नंतर आपापले काम तपासायला सांगितले, की सुमारे नव्वद टक्के जणांना स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडे. त्यांनी आपल्या पुस्तकात या रीतीचा प्रोग्रॅम पायरीपायरीने, प्रत्येक पायरीचे कारण देत लिहून दाखवला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. कार्नेगी मेलनमध्ये विद्यार्थी असताना बेंटलींचे व्याख्यान ऐकलेले जोशुआ ब्लॉक पुढे ‘जावा’ या भाषेच्या ग्रंथालयासाठी ही रीत लिहिणार होते. २००६ मध्ये त्यांनीच जाहीर केले, की जावातल्या त्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे आणि ती सुमारे नऊ वर्षे तशीच होती. बेंटलींच्या पुस्तकातल्या प्रोग्रॅममध्येही तीच होती. मधले पान काढण्यासाठी पहिल्या आणि शेवटच्या पानांचे आकडे मिळवून दोनाने भागायचे. गणितात यात काहीच वावगे नाही. पण संगणकाच्या त्या खणात साधारण २१४ कोटींपर्यंतचाच आकडा मावतो. नोंदी सुमारे १०७ कोटींवर गेल्या, की बेरीज खणाबाहेर सांडू शकते आणि मधले पान उणे आकड्याचे निघते. पूर्वी एवढ्या नोंदी कोणाच्या यंत्रात मावतच नव्हत्या, म्हणून चूक दिसली नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. चाचणी तिच्या काळाच्या आकाराएवढीच मोठी असते. आणि उपपत्तीसुद्धा ज्या गृहीतावर उभी असते, ते गृहीत सुटले की कोसळते. बेंटलींची उपपत्ती कागदावरच्या आकड्यांबद्दल खरी होती. खणातल्या आकड्यांबद्दल तिने काही म्हटलेच नव्हते.

टीकाकार परत येतो

यंत्राच्या निकालावर विसंबू नये, हे स्पर्धा भरवणाऱ्यांनाही उमगले. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘टॉपकोडर’च्या स्पर्धेत शेवटी थोडा वेळ असा असे, की स्पर्धकांनी एकमेकांचे प्रोग्रॅम उघडून वाचायचे आणि ज्यावर ते कोसळतील असे आकडे शोधून द्यायचे. कोसळला तर शोधणाऱ्याला गुण. कोडफोर्सेसनेही हा प्रकार ठेवला. दुसऱ्याचे लिखाण ओळीओळीने वाचून ते कुठे टिकणार नाही हे सांगणे, हे काम टीकाकाराचे आहे. स्पर्धेच्या ऐन धामधुमीत तो या रूपाने परत आला.

याच्या पुष्कळ आधी, १९७८ च्या हिवाळ्याआधीच्या सत्रात, स्टॅनफर्ड विद्यापीठात नूथ यांनी प्रश्नसोडवणुकीचा एक वर्ग घेतला होता. मोजके प्रश्न आणि प्रत्येकावर अनेक तासांची चर्चा. वर्गात कोण काय म्हणाले, कोणती वाट फसली, याची टिपणे क्रिस्तोफर व्हॅन विक यांनी केली आणि ती विद्यापीठाने १९७९ मध्ये छापली. तिथे गुणांपेक्षा वाटेला महत्त्व होते. आजच्या स्पर्धात्मक वर्गाचे हे दुसरे कुळ आहे. एक कुळ टेक्सासच्या शर्यतीचे, दुसरे स्टॅनफर्डच्या चर्चेचे. वर्ग चांगला की वाईट, हे त्यात दोन्ही कुळांचे रक्त किती आहे यावर ठरते.

नूथ यांच्याच ग्रंथात आपल्याकडच्या एका नावाचा मान आहे. ‘लीलावती’च्या अंकपाश या प्रकरणात दिलेल्या वस्तू किती प्रकारे मांडता येतील याचा विचार आहे. विष्णूच्या चार हातांतली चार आयुधे २४ प्रकारे आणि शंकराच्या दहा हातांतली दहा ३६,२८,८०० प्रकारे. नारायण पंडितांनी १३५६ मधील ‘गणितकौमुदी’त हा विषय पुष्कळ पुढे नेला. एक मांडणी हाती असताना क्रमाने तिच्या पुढची कोणती, हे काढण्याची रीत नूथ त्यांच्यापर्यंत मागे नेतात. १३५४२ ही मांडणी घ्या. उजवीकडून डावीकडे या. आपल्या उजव्या शेजाऱ्याहून लहान असलेला पहिला आकडा ३. त्याच्या उजवीकडे त्याहून मोठ्यांत सर्वांत लहान ४. दोघांची अदलाबदल करा: १४५३२. आता ४ नंतरची शेपटी उलटी करा: १४२३५. हेच उत्तर. ‘सी प्लस प्लस’ या भाषेत ही रीत तयार मिळते आणि स्पर्धक ती एका शब्दात बोलावतो. अदलाबदलीनंतर शेपटी उतरत्या क्रमातच राहते, म्हणून नुसती उलटली की ती सर्वांत लहान होते. हे कारण त्या एका शब्दात येत नाही.

२०२२ मध्ये ‘अल्फाकोड’ हा कृत्रिम बुद्धीचा प्रोग्रॅम कोडफोर्सेसच्या स्पर्धांत सरासरी स्पर्धकाच्या आसपास पोचल्याचे प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये बाकू येथे झालेल्या आयसीपीसीच्या अंतिम फेरीतले बाराही प्रश्न आपल्या यंत्राने सोडवल्याचे ‘ओपनएआय’ने जाहीर केले. प्रत्यक्ष स्पर्धेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांनी अकरा सोडवले होते. परीक्षक तर आधीच यंत्र होता. आता परीक्षार्थीही यंत्र झाले. मग या वर्गात मुलांनी काय शिकायचे?

रीत लिहून देण्याचे काम यापुढे स्वस्त होत जाईल. ती बरोबर का आणि कुठवर बरोबर, हे सांगणारा माणूस मात्र लागेलच. रीतीवर पगार ठरेल, औषधाची मात्रा ठरेल, गाडी वळेल. तेव्हा ‘सगळ्या चाचण्यांत पास’ एवढे उत्तर पुरणार नाही. ज्या शिक्षकाने ‘मान्य’ हा निकाल आल्यावर विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलावून ‘आता का ते सांग’ असे म्हटले, त्याच्या वर्गाला या यंत्रांची भीती नाही. जिथे निकालापाशी तास संपत होता, तिथे मात्र खरोखरच काही उरलेले नाही.

गणेश दैवज्ञांपुढे ‘लीलावती’ होती तेव्हा ती चारशे वर्षे जुनी होती. तिच्या रीती पिढ्यान्‌पिढ्या वापरून झाल्या होत्या आणि उत्तरे जुळत होती. चाचणी म्हणून याहून मोठी कोणती? तरीही त्यांना उपपत्ती लिहाव्याशा वाटल्या आणि टीकेच्या नावात त्यांनी बुद्धीचा विलास हे शब्द घातले. पाटणच्या बाजारातला कर केव्हाच बंद झाला. मठही उरला नाही. पण उत्तर जुळले तरी ‘का’ विचारायचे, हा पाठ अजून शिकवण्यासारखा आहे.